दारावरचं चुंबक

“दोन बशा पोहे खाल्ले आणि म्हणे, आज नाष्टाच नाही का,” कुमुदकाकू खिडकीकडे तोंड करून पुटपुटल्या. “नाष्टाच नाही म्हणे.”

मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी मी बसले होते. मांडीवर त्यांची डब्यांची पिशवी होती. ते मलाच तेवढं ऐकू आलं. मी हसले. जुन्या संसारातल्या बाईची कुरकुर ऐकायला मला आवडते. फक्त ती माझी नसावी.

गाडी डॉक्टर मुजावर चालवत होते. त्यांच्या शेजारी काकूंचे यजमान पोतनीससर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हात मांडीवर पालथे ठेवलेले. सरांचे हात नेहमी असेच असत, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

“मुजावर, आष्टा गेलं का?”

“यायचंय सर. आत्ताच विचारलंत.”

“हं.”

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आष्ट्याचा रस्ता दोन्हीकडून उसाने दाबलेला असायचा आणि ट्रॅक्टरच्या मागे लागलं की डॉक्टरांसारखा सभ्य माणूसही पुटपुटायला लागायचा. त्या दिवशी मात्र ते गप्प होते. आम्ही सगळेच जरा देवाला निघाल्यासारखे बसलो होतो. ज्या गाडीसाठी सरांनी उभा जन्म घालवला ती सापडली आहे, असा निरोप आला होता.

आमचं तिघांचं एक मंडळ होतं. त्याला नाव नव्हतं, म्हणून काकूंनी ठेवलं, भंगार मंडळ. आमचा उद्योग असा, की आपल्याकडे कुठे जुनी विलायती शर्यतीची गाडी निघाली, तर तिची कुळकथा शोधायची. कुठल्या कारखान्यात झाली, कुणी बोटीतून आणली, कुणी पळवली, कुणी आपटली, मग कुणाच्या गोठ्यात ती कोंबड्यांचं घर झाली. परदेशात असलेच वेडे लोक होते, त्यांच्याशी पत्रव्यवहार चाले. आमच्यापैकी अशी गाडी होती फक्त डॉक्टरांकडे. ती चालायची कमी आणि उभी जास्त राहायची. डॉक्टर मिरजेत दातांचे डॉक्टर. माझं सांगलीत स्टँडच्या मागे स्पेअर पार्टचं दुकान. सर तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे सायकल.

मी मंडळात कशी आले तेही सांगते. सर एकदा दुकानात फॅनबेल्ट न्यायला आले होते. कुणाच्या तरी गाडीसाठी. रद्दीतून आणलेलं इंग्रजी मोटारींचं मासिक मी काउंटरवर उघडून बसले होते.

“वाचताय?” सरांनी विचारलं.

“नाही, चित्रं बघते. माझं शिक्षण दहावी.”

“मग काय म्हणतात चित्रं?”

“या दोन गाड्या एकच आहेत असं लिहिलंय वाटतं. पण हिचं दार खालपर्यंत आलंय आणि हिचं वरच संपलंय. रस्त्याच्या कडेला लावली तर पहिलीचं दार फुटपाथला घासेल.”

सर स्टुलावर बसले. फॅनबेल्ट त्या दिवशी राहूनच गेला. पुढच्या आठवड्यात ते शब्दकोश घेऊन आले, स्वतःचा, कोपरे झिजलेला. “दार खाली का आलं होतं आणि कारखान्याने ते वर का घेतलं, हे सगळं यात नाही,” ते म्हणाले, “पण ते ज्यात आहे ते वाचायला हा लागेल.” अशी मी इंग्रजी शिकले. आजही मला इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा येत नाहीत, पण मागच्या आसाचं वर्णन झक्क येतं.

सरांचे काही नियम होते. गाडीसमोर गेलं, की पहिलं काम म्हणजे तिच्या नावाच्या बिल्ल्यावर रुमाल टाकायचा. “नाव वाचलं की माणूस बघायचं थांबतो,” सर म्हणत. मग ते स्वतः गाडीला एक फेरी मारत, तळहात पत्र्यावर ठेवून, डोळे अर्धे मिटून. काकू त्याला प्रदक्षिणा म्हणायच्या. तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही. आणि शेवटचा नियम म्हणजे, मत सांगताना लहान आधी, मोठा शेवटी. आधी मी, मग डॉक्टर, मग सर. “मोठा आधी बोलला की बाकीचे नंदीबैल होतात,” असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा माझं सगळंच चुकलं होतं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चुकलीस, पण स्वतःच्या डोळ्यांनी चुकलीस. छान.”

पत्रा लोखंडी आहे का ते बघायचं चुंबक माझ्याकडे असे. ते जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं, काकूंनी लाल फलालीनच्या कापडात शिवून दिलेलं, पत्र्याच्या रंगाला ओरखडा उमटू नये म्हणून.

सरांच्या शब्दाला वजन कसं आलं, त्याचाही एक किस्सा आहे. एका बड्या कारखानदाराने त्यांना घरी बोलावून गाडी दाखवली. महायुद्धाच्या आधीची, अस्सल, सगळे भाग जन्मापासून एकत्र, असं सरांनी परदेशात कळवावं अशी त्याची इच्छा. सरांनी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “चासीचा सांगाडा एका गाडीचा आहे, इंजिन दुसरीचं. दोघांचं लग्न झालंय, संसारही बरा चाललाय. पण त्यांना भावंडं म्हणता येणार नाही.” तो माणूस सरांच्या संस्थेच्या नियामक मंडळावर होता. सरांची बढती अडकली ती अडकलीच. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. काकूंनी काढला, दर दिवाळीला.

इंग्लंडमध्ये हॉज नावाचे एक गृहस्थ होते. ऑस्टिन हीली या गाड्यांचा इतिहास जमवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते बाकी सगळ्यांकडून दहा फोटो मागत. सरांकडून एक वाक्य पुरे व्हायचं. पोतनीस म्हणतात ना, मग आहे.

आणि याच हॉजसाहेबांपुढे सरांची एक गोष्ट वर्षानुवर्षं अडकून पडली होती. सर कॉलेजात असताना मित्राबरोबर मुंबईला गेले होते, विमानाच्या धावपट्टीवरच्या मोटारींच्या शर्यती बघायला. तिथे त्यांनी एक गाडी पाहिली. वर पांढरी, खाली निळी, बंपर नाही, तोंड लहान. “आधी ऐकली,” ते सांगत, “मग दिसली, आणि दिसली म्हणेपर्यंत गेली.” पुढे मासिकांतून त्यांना कळलं, की कारखान्याने शर्यतीसाठी खास अशा पन्नासच गाड्या विकायला काढल्या होत्या. साध्या हीलीच्या बाहेरच्या पत्र्यात लोखंड असतं, या खास गाड्यांचं सगळं अंग अॅल्युमिनियमचं. तसली एक हिंदुस्थानात आली होती आणि ती मी पाहिली, असं सरांचं म्हणणं. हॉजसाहेब अदबीने लिहायचे, गाडी दाखवा.

ती गाडी आता आष्ट्यापुढच्या एका ऊसवाल्या बागायतदाराच्या, बाळासाहेब माने-पाटलांच्या शेडमध्ये उभी होती. निदान बाळासाहेबांचं तसं म्हणणं होतं.

---

“या सर, या. शेडात विलायती मेमसाब सकाळपास्नं तयार होऊन बसल्यात,” बाळासाहेब फाटकापर्यंत आले होते. धिप्पाड माणूस, पांढरी विजार, गळ्यात सोन्याची साखळी, आणि चेहऱ्यावर घरात मूल झाल्यासारखा आनंद. “काकू, तुमी आलात, लई बरं झालं. आत बसा, आमच्या मंडळींनी मटण टाकलंय.”

“मी बघते की गाडी,” काकू म्हणाल्या. त्या कधी बघत नसत. एरवी त्या आत जाऊन गप्पा मारत, आणि परतीच्या वाटेवर आम्हाला त्या घरातल्या सुनेचं सासूशी पटतं की नाही ते सांगत. त्या दिवशी त्या सरांच्या मागे शेडपर्यंत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

उसाचे ट्रेलर बाहेर काढून शेड झाडून घेतलेलं होतं. उदबत्तीही लावलेली. गाडीवर चादर होती, लग्नात अंथरतात तसली. बाळासाहेबांनी ती ओढली.

वर पांढरी, खाली निळी, नव्याने रंगवलेली. बॉनेटवर चामड्याचा पट्टा. खाली झुकलेलं नाक. पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी हाताने एकच रेघ ओढावी आणि ती मागच्या चाकापर्यंत न थांबता जावी, तशी. माझा हात पर्समधल्या रुमालाकडे गेला. बिल्ल्यावर रुमाल टाकायचं काम डॉक्टरांचं, पण ते तसेच उभे होते. मी वाट बघितली, सर आता म्हणतील, रुमाल.

सर बिल्ल्याकडे बघत होते.

“कारखान्याच्या नंबराची पट्टी न्हाई,” बाळासाहेब सांगत होते. “हुबळीच्या एका माणसाकडनं घेतली मी. त्यो म्हणाला, शर्यतीची हाय. म्या म्हटलं, शर्यतीची असंल तर पोतनीससर सांगतील. पण सर, एक मात्र मी स्वतः करून बघितलंय. ह्ये बघा.” त्यांनी खिशातून मोटर पंपातलं एक चुंबक काढलं आणि गाडीच्या नाकाला लावलं. ते घसरून त्यांच्या हातात पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. “धरतच न्हाई. समदं अॅल्युमिनियम.”

सर एक पाऊल पुढे आले. त्यांनी नाकावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. प्रदक्षिणा घातली नाही. डोळे भरून आले होते.

“हीच,” ते म्हणाले. “हीच ती.”

आमच्या मंडळात सर आधी बोलले, असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं.

बाळासाहेबांनी सरांचे हात हातात घेतले. डॉक्टर हसले, पण उशिरा. मला मात्र सरांचंच एक वाक्य आठवत होतं. पावसाळ्यातल्या एका दुपारी माझ्या दुकानात, कागदावर या गाडीचं चित्र काढत ते म्हणाले होते, “हीलीचं नाक आणि, माफ कर शैला, ढुंगण, हे सगळ्याच गाड्यांना अॅल्युमिनियमचं असतं. साध्या गाडीलासुद्धा. तिथे चुंबक लावून नाचणारे पुष्कळ भेटतील. तू दाराला विचार. मडगार्डला विचार.”

मी पर्समधून चुंबक काढलं आणि दाराला लावलं.

टप.

हात काढला. ते तिथेच राहिलं. दाराच्या पांढऱ्या भागावर लाल ठिपका.

मी ते ओढून काढलं, पुढच्या मडगार्डला लावलं. टप. मागच्या. टप. मग परत दारापाशी आले आणि पुन्हा लावलं, जणू मधल्या वेळात दाराचं मत बदललं असेल. डॉक्टर वाकून चाकाच्या तारांमधून आत बघत होते. ते उठले, गुडघे झटकले, माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे.

सर माझ्या शेजारी आले. “हे काय लटकवलंयस? रंग खराब होईल ना.”

“चुंबक आहे, सर.”

“हं.” त्यांनी त्या लाल कापडावरून बोट फिरवलं. “छान शिवलंय कुणीतरी.”

शेडच्या दारात काकूंनी पदर खांद्यावरून पुढे घेतला.

“ऊन फार झालंय बाई,” त्या म्हणाल्या. “आत चला सगळे.”

---

सर आणि बाळासाहेब पुढे गेले. डॉक्टर आणि मी हौदापाशी हात धुण्याच्या निमित्ताने मागे राहिलो.

“ड्रम ब्रेक आहेत,” डॉक्टर नळाखाली हात धरून म्हणाले. “खास गाडीला डिस्क हवेत, चारी चाकांना. आता ब्रेक बदलले असतील कुणी. सुटे भाग मिळत नव्हते, लोक काहीही बसवायचे.”

“तोंडाची जाळीही मोठी आहे.”

“जाळी पण बदलली असेल.”

“आणि चारी मडगार्डं? दोन्ही दारं?”

डॉक्टरांनी नळ बंद केला. “तुम्ही बोला सरांशी.”

“मी? तुम्ही डॉक्टर आहात.”

“मी दातांचा डॉक्टर. दुखतंय ते काढून टाकायचं, एवढंच मला येतं.”

हौदाच्या पाण्यावर उसाची पाचट तरंगत होती.

“मोतीबिंदू असेल,” डॉक्टर म्हणाले.

“असेल,” मी म्हटलं. “गेल्या महिन्यात पण त्यांनी फोटोतली गाडी चुकीची सांगितली होती.”

“हां, मग मोतीबिंदूच. मिरजेत माझा मित्र आहे, दहा मिनिटांत काढतो.”

दोघांनाही एकदम बरं वाटलं. मोतीबिंदू किती सोयीचा आहे, हे मला त्या हौदापाशी कळलं.

“पण तीन वाजता हॉजसाहेबांचा फोन येणार आहे,” मी म्हटलं. “बाळासाहेबांनी ठरवून घेतलाय. सर त्यांना सांगणार, हीच ती. आणि ते लिहून टाकणार. मग उद्या इंग्लंडातून कुणीतरी येईल, खिशातून चुंबक काढेल.”

“आणि म्हणेल, पोतनीस?” डॉक्टरांनी रुमाल काढला, हात पुसले, घडी घातली. तो बिल्ल्यावर टाकायचा रुमाल होता.

---

जेवायला पंगत सोप्यात होती. बाळासाहेबांच्या घरातून एकामागून एक वाट्या येत होत्या, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं. फोन भिंतीजवळच्या टेबलावर होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. बाळासाहेब एका हाताने वाढत होते आणि दुसऱ्याने गाडीचं वर्णन करत होते.

“विलायतेत आमच्या गाडीचं नाव लागणार म्हणजे काय, चेष्टा हाय का? आमचे वडील म्हणायचे, बाळ्या, तू ऊस लाव, तुला दुसरं काय यायचं न्हाई. त्यास्नी आता दाखवायला पायजे होतं.”

सर हळूहळू जेवत होते. मध्येच थांबले.

“शैला, आज बोलत नाहीस.”

“जेवतेय, सर.”

“मुजावर?”

“मटण फर्मास झालंय सर.”

“ते झालंच आहे. पण तू हाड फोडतानासुद्धा एवढा गप्प नसतोस.” सरांनी बोटं ताटाच्या कडेला टेकवली. “माझी मुलं मी बरोबर असलो की भांडतात. मी चुकलो की गप्प बसतात. वर्गात पण असंच होतं.”

काकूंनी सरांच्या वाटीत रस्सा वाढला, न विचारता.

“आपला एक नियम होता,” सर म्हणाले. “बोलायचा. काय होता?”

ते विचारत होते की आमची परीक्षा घेत होते, मला आजही सांगता येणार नाही.

“लहान आधी,” मी म्हटलं. “मोठा शेवटी.”

“मग आज आधी कोण बोललं?”

डॉक्टर ताटात बघत राहिले. मीही.

“तुमीच की सर,” बाळासाहेब मोकळ्या मनाने म्हणाले. “हात लावला आणि म्हणालात, हीच. आपण तर तिथंच जिंकलो.”

सर उठले. मोरीवर गेले, हात धुतले. नेहमीसारखं एकेक बोट पुसत परत आले आणि फोनजवळच्या खुर्चीत बसले. तळवे मांडीवर पालथे.

“बोल, शैला.”

माझ्या हाताला अजून रस्सा होता. “सर, चुंबक चिकटलं. दाराला. मडगार्डांना पण.”

“आता गं,” बाळासाहेब म्हणाले, “माझं कुठं चिकटलं? तुमच्यासमोर लावलं की ओ.”

“कुठे लावलं होतंत?” सरांनी विचारलं.

“नाकाला.”

सरांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवरून उचलला आणि हवेत पुढे धरला, तळवा खाली. मग तो सरकायला लागला, आधी उतरता, मग वर चढत, मग सपाट, जशी समोर गाडी होती. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. आत ताटं वाजत होती तीही थांबली.

“नाक,” सर म्हणाले. “नाक जे असतं... नाक...”

ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. माझ्या दुकानातलं, पावसाळ्यातलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. हात हवेत थांबला होता, नाकाच्या टोकाशी. मग तो परत मागे आला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरला, हळू.

“नाक सगळ्यांचंच असतं,” ते म्हणाले. “अॅल्युमिनियमचं. साध्या गाडीलासुद्धा. दाराला विचारायचं असतं.” त्यांनी डोळे उघडले. “मुजावर.”

“ड्रम आहेत, सर. जाळी मोठी आहे.”

“मग ही ती नाही.”

बाळासाहेब वाढायचा चमचा हातात घेऊन उभे होते. “म्हणजे आमची खोटी निघाली, सर?”

“खोटी कशी?” सर म्हणाले. “खरी आहे, बाळासाहेब. साधी आहे, आणि खरी आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा कुणीतरी तिला अशीच पळवली असणार. तिच्या अंगावर दुसरीचं नाव घालू नका. तिचं स्वतःचं शोधू आपण. शैला शोधेल.”

बाळासाहेबांनी चमचा भांड्यात बुडवला. “आमच्या वडिलांचा अंदाज काय चुकायचा न्हाई,” ते म्हणाले आणि सरांच्या ताटात, सर उठून गेलेले असतानाही, मटणाचा एक तुकडा वाढला.

फोन वाजला.

सरांनी क्रोशाचा रुमाल उचलून बाजूला ठेवला, घडी मोडू न देता. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, सगळं मोटारीचं, म्हणून मला शब्दन्‌शब्द कळला. ते म्हणाले, मिस्टर हॉज, नमस्कार. नाही, ती ही नाही. साधी हीली आहे, पण चांगली आहे. मी आधी हो म्हणालो होतो. मुलांनी नीट पाहिली. मुलं म्हणजे पस्तिशीची मी आणि पन्नाशीचे डॉक्टर. मग सरांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, एक विनंती आहे. यापुढे आमच्याकडच्या गाड्यांबद्दल मिसेस मगदूम, म्हणजे मी, सांगतील. हो. त्या म्हणतील ते धरा. मी म्हणालो ते धरू नका, त्यांनी दुजोरा दिल्याशिवाय. हो, मी पूर्ण विचार करून बोलतोय.

रिसीव्हर ठेवला.

“सर, असं का म्हणालात?” मी विचारलं.

“का म्हणालो ते तुम्हीच सांगा मला,” सर म्हणाले. “नियम आहे ना. लहान आधी. बोल.”

“तुम्ही आज दमला आहात. ऊन होतं. प्रवास झाला.”

“मुजावर?”

“मोतीबिंदू असू शकतो, सर. माझा मित्र आहे मिरजेत, एकदा नुसतं...”

“डोळ्यांचं मी विचारलेलं नाही.” ते चिडले नव्हते. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, ड्रॉइंगच्या वहीत रेघ कुठे वाकली ते बघावं तसं. “नंदीबैल झालात दोघं.”

मग ते काकूंकडे वळले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या पर्समधलं चुंबक केव्हा काढून घेतलं कोण जाणे, ते त्यांच्या ओटीत होतं आणि त्या त्याच्या शिवणीवरून नख फिरवत होत्या.

“तू आमच्या मंडळात नाहीस,” सर म्हणाले. “तुला कुणी शिकवलेलं नाही. तू सांग.”

काकूंनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कुरकुरीशिवाय मी ऐकलाच नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं.

“सकाळी पोहे केले होते मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोन बशा खाल्ल्यात.”

“बरं.”

“हे मी शिवलंय.” त्यांनी चुंबक सरांच्या हातात दिलं. “तुम्हीच समोर बसून शिवून घेतलंत. टाके बारीक घाल, रंगाला लागेल म्हणालात.”

सरांनी ते तळहातावर घेतलं आणि दुसरा हात त्यावर झाकला.

“सांग पुढे.”

“तुम्ही विसरायला लागलाय हो,” काकू म्हणाल्या. “बरेच दिवस झाले. घरातलं सगळं विसरता, मी म्हटलं विसरू देत. पण आता गाड्यासुद्धा.”